पाठ देणारी माणसं

माझ्या आत्याच्या थोरल्या दिरांवर अन्याय झाला तो पौषातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, मुलुंडला त्यांच्या स्वतःच्या परसात, पंचा नेसून ते अबोलीवरची माव्याची कीड पुसत असताना. वेळ मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यानंतर जो तो म्हणायला लागला की नक्की काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही. ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. आणि हेही ठाऊक आहे की उभ्या मुलुंडात या गृहस्थांइतका उघड उघड चोर कुणी नव्हता, आणि त्यांच्याइतका नितळ माणूसही कुणी नव्हता.

आत्या त्यांना भावजी म्हणते, म्हणून आमचं सगळं घर भावजी म्हणू लागलं. घरातून ते चाळीत गेलं, चाळीतून गल्लीत. पोस्टमन भावजी म्हणतो, दूधवाला भैया भावजी म्हणतो, पलीकडच्या खोलीत नवी लग्न होऊन आलेली मुलगी आठ दिवस गोंधळून नवऱ्याला विचारत होती, "अहो, पण हे नक्की कुणाचे भावजी?" उभा जन्म भावजींनी एका कचेरीत दुसऱ्यांनी काढलेले नकाशे गिरवण्यात घालवला. लग्न केलं नाही. पेन्शनीत निघाल्यावर चाळीच्या मागची दगडगोट्यांची पट्टी साफ केली, घासलेटचे रिकामे डबे आणले, तळाला भोकं पाडली आणि झाडं लावायला सुरुवात केली. एकही झाड विकत आणलं नाही. एकही मागितलं नाही. सगळी चोरली.

यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. मागितलेलं रोप रुसतं, दिलेलं रोप सुकतं, चोरलेलं रोप लागतं. हे कोकणातून आईच्या पदराला बांधून आलेलं शास्त्र, त्यावर वाद चालत नसे. पण माणूस मुळात भिडस्त, कुणाच्या नकळत पान तोडायचंही धाडस नाही. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या बागवेड्या दोस्तांनी एक रीत बसवली होती. ज्याला रोप हवं त्याने झाडाचं कौतुक करायचं, मागायचं नाही. मालकाने समजून घ्यायचं, मग पाठ फिरवून उभं राहायचं आणि आभाळाबद्दल काहीतरी बोलायचं. तेवढ्यात पाहुण्याने चोरायचं. याला त्यांच्यात 'पाठ देणं' म्हणत. "काल वकीलसाहेबांनी मला गुलाबाला पाठ दिली," हे वाक्य भावजी अशा चेहऱ्याने सांगत, जसं कुणी मुलाला नोकरी लागल्याचं सांगावं.

घाटकोपरच्या एक नर्सबाई, दवाखान्यात दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या, रविवारी इतक्या लांब यायच्या त्या केवळ चोरायला. एकदा त्यांना सोनटक्का हवा होता. भावजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि पाऊस यंदा लांबणार असं म्हणाले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. उन्हाने टाळू तापली. शेवटी भिंतीलाच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "झालं का हो चोरून?"

"अहो, कंद निघत नाहीये मेला!"

"मग कोयता घ्या की! तुमच्या उजव्या हाताला आहे. मी काही बघत नाहीये."

चोरलेल्या प्रत्येक झाडाच्या डब्याला ते पत्र्याची पट्टी बांधत. तिच्यावर नकाशावर गावांची नावं घालावीत तशा रेखीव, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असे: अनंत, चोरी, बोरिवली, वकीलसाहेब, आषाढ. ज्याच्याकडून आणलं त्याच्या नावानेच ते त्या झाडाशी बोलत. वकीलसाहेबांचा गुलाब दोन वर्षं फुलला नाही तेव्हा पाणी घालता घालता त्याला म्हणाले, "साहेब, तारखा पुरे झाल्या आता. निकाल द्या." नर्सबाईंच्या कर्दळीला, "बाई, जरा बसा, फार उभ्या राहता." मी त्यांना हसायची. मी भाडेकरूंची पत्रकं लिहिते, वाटते, दारोदार शिव्या खाते. ते मला 'पत्रकीण' म्हणायचे. "पत्रकीण, तुझ्या पत्रकांचं खत फार छान होतं हो," असं तोंडावर सांगायचे. आणि खरंच करायचे.

आता सोमवारची सकाळ. चाळमालकाला चाळीमागची ती जागा हवी होती. तिथे शेड घालून साकीनाक्याच्या कुणा लेथवाल्याला भाड्याने द्यायची होती. दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः आला. भावजी म्हणाले, "झाडं उठत नाहीत, तोवर मी कसा उठू?" मग मालकाच्या बंगल्यातल्या दोन कुंड्या नाहीशा झाल्या. झाल्या की केल्या, ते मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून इथे म्हणत नाही. पण मालक चौकीवर गेला आणि हवालदाराला थेट आमच्या परसात घेऊन आला. हवालदाराने एक पट्टी वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. मी तिथेच उभी होते.

"ही कोणाची झाडं?" हवालदार म्हणाला.

"चोरलेली," भावजी म्हणाले. अभिमानाने म्हणाले!

"सगळी?"

"सगळी. हा कढीपत्ता तेवढा आपोआप आला."

मी ओरडले, "भावजी, गप्प बसा हो!" तर माझ्याकडेच आश्चर्याने बघत म्हणाले, "अगं, लिहिलंय की प्रत्येकावर."

पंचनामा झाला. एकेचाळीस डबे हातगाडीवर चढले, कढीपत्त्यासकट. चौकीच्या भिंतीला, दिवसभराच्या उन्हात, ओळीने मांडले गेले. अनंताच्या फांदीला सुतळी बांधून तिच्यावर लाखेची मोहोर उठवली. भावजी त्या रात्रीपुरते आत होते. सुटून आले ते घरी न जाता तसेच झारी घेऊन परत गेले. फौजदार म्हणाला, "मुद्देमालाला हात लावता येणार नाही. पुरावा आहे तो." पुढचे पंधरा दिवस हा म्हातारा रोज सकाळी भरलेली झारी घेऊन कुंपणाबाहेर उभा राहिला आणि भरलेली झारी घेऊन परत आला. आधी अबोली गेली. मग जाई. गुलाब शेवटपर्यंत तग धरून होता, त्याला दोन कळ्या आल्या होत्या. त्या उघडल्याच नाहीत.

मी धावले. मला वाटलं यात काय कठीण आहे? ज्यांच्याकडून आणली ती माणसं जिवंत आहेत, शिकलेली आहेत, त्यांनी येऊन एक वाक्य बोलायचं आहे: झाड मी राजीखुशीने दिलं. घाटकोपरला गेले. नर्सबाईंनी चहा दिला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगं, पण 'दिलं' असं तोंडाने म्हटलं तर माझ्याकडचा सोनटक्का जगेल का गं?" मी चहाचा कप बाजूला सारला. तेव्हा खाली मान घालून खरं बोलल्या, "नोकरी आहे माझी. चौकीत नाव गेलं तर मेट्रन ठेवायची नाही." त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. मग बोरिवलीला गेले. वकीलसाहेब झोपाळ्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"बाळ, तुझ्या भावना समजतात. पण मी शपथेवर काय सांगू? माझी पाठ होती."

"म्हणजे?"

"म्हणजे रोप कोणी उपटलं ते मी पाहिलं नाही. न पाहिलेल्याची साक्ष कशी देऊ?"

हा माणूस चेष्टा करत नव्हता. त्यांच्या अंगणात भावजींकडून चोरलेली जाई मांडवभर फुलली होती, तिच्या सावलीत बसून हे बोलत होते. मी बरंच काही बोलले. ते इथे छापण्यासारखं नाही आणि मी ते परत घेत नाही.

बरं, भावजींनी तरी स्वतःसाठी तोंड उघडावं! त्यांना म्हटलं, कोर्टात साफ सांगा की दोस्तांनी खुशीने दिली. तर म्हणाले, "मग इतकी वर्षं पट्ट्यांवर मी खोटं लिहीत होतो का? आणि त्या बाईला कोर्टाची पायरी चढायला लावू? लोकांनी विश्वासाने पाठ दिली, पत्रकीण. ती अशी खर्चून टाकायची नसते."

दोष सिद्ध झाला तर मालक खोली काढून घेणार आहे. नोटीस तयार आहे, मी पाहिली. सत्तरीच्या घरातला हा माणूस परसातल्या पायरीवर बसून असतो. जमिनीवर डब्यांचे गंजाचे चौकोन उमटले आहेत, त्यांच्याकडे बघतो. आत्याशी भाजीवरून भांडत नाही, त्याने आत्या जास्त घाबरली आहे. परवा पलीकडच्या त्या नव्या सुनेने तुळशीचं एक रोप आणून त्यांच्या दाराशी ठेवलं आणि बिचारी पाठ फिरवून उभी राहिली. भावजींनी ते उचललं, तिच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "आधी लिहून दे, पोरी. तू दिलंस म्हणून. खाली सही कर." ती रडत घरी गेली. ते पायरीवर बसून राहिले.

गुरुवारी केस आहे, सकाळी साडेदहाला. हे पत्रक वाचणाऱ्यांत निदान पंधरा जण असे आहेत ज्यांच्या गॅलरीत भावजींच्या परसातलं झाड उभं आहे, किंवा ज्यांचं झाड चौकीच्या भिंतीला वाळून गेलं. तुम्हाला मी ओळखते, तुमची दारं मला माहीत आहेत. एक दिवसाची रजा टाका. इस्त्रीचे कपडे घाला, म्हणजे मॅजिस्ट्रेट ऐकून घेईल. पिंजऱ्यात उभे राहा, आपलं नाव सांगा, झाडाचं नाव सांगा आणि "मी दिलं" म्हणा.