तक्त्यातली रिकामी चौकट

जिममध्ये येणाऱ्या प्रत्येकासाठी सर स्वतःच्या हाताने व्यायामाचा तक्ता आखून देत. इथे कुणाला शर्यत जिंकायची नव्हती. जिना चढताना धाप लागू नये, एवढंच प्रत्येकाला हवं होतं. पण सरांचा नियम म्हणजे नियम. व्यायाम केला की त्याच्या चौकटीत बरोबरची खूण करायची, आणि सलग तीन खुणा दिसल्या की सर वजन वाढवणार. चौकट रिकामी दिसली की त्यांचा पारा चढलाच. "अंगच चोरायचं तर इथे येता कशाला?" असं ते चारचौघांत विचारत.

टेलरमावशींची एकही चौकट कधी रिकामी नसे. सर त्यांचा तक्ता सगळ्यांना कौतुकाने दाखवत आणि उठाबशांचं वजन वाढवत राहत. परवा मावशी वजन घेऊन खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. गुडघ्याने दगा दिला.

आज सर त्यांच्या घरी गेले. मावशी उशीवर पाय ठेवून पडल्या होत्या.

"दुखत होतं तर बोलायचं ना, मावशी! एवढा तक्ता पूर्ण केलात कसा?"

"कुठला पूर्ण? निम्म्या उठाबशांतच जीव जायचा," मावशी ओशाळून म्हणाल्या. "खुणा तेवढ्या करत होते. सगळ्यांसमोर बोलणी कोण खाणार?"

सरांनी कपाळावर हात मारला. आता बोलणी बसणार म्हणून मावशी घाबरल्या. उशाखालचा तक्ता काढून त्यांनी घाईघाईने पुढे केला.

काल आणि आज, दोन्ही दिवसांच्या चौकटींत खुणा होत्या.