जावयाचे पाय

शुगर निघाली आणि महागावातला जो तो माझा डॉक्टर झाला. कोणी कारल्याचा रस सांगे, कोणी जांभळाच्या बियांची भुकटी. लग्नात पंगतीला बसलो की शेजारच्याचा डोळा माझ्या ताटावर. वैतागून मी लोकांत जाणंच सोडलं.

खरी भीती वेगळीच होती. माझ्या वडिलांचा पाय याच आजारात घोट्याच्या वर कापला होता, आणि त्यानंतर ते अंथरुणातून उठलेच नाहीत. त्यामुळे नव्या चपलेनं माझा तळवा सोलवटला, जखम झाली, तेव्हा मी बायकोलाही सांगितलं नाही. दुखत नव्हतंच, तळवे कधीचे बधिर झालेले. ऐन मे महिन्यात मी घरात मोजे घालून फिरू लागलो. तिनं काही विचारलं की खेकसायचो.

शेवटी तिनं आर्णीकडे आपल्या वडिलांना, म्हणजे माझ्या मामाजींना, फोन केला.

आमच्याकडे सासरा जावयाच्या पाया पडतो, सणावाराला त्याचे पाय धुतो. मामाजी आले, खांद्यावरचा दुपट्टा सावरला आणि लेकीकडे परात आणि गडवाभर पाणी मागितलं.

"आज कोणता सण हाये, मामाजी?"

"सण कायले पाह्यजे? मोजे काढा, जवाईबापू."

त्या मानाला नाही कसं म्हणणार? म्हातारा मोठा हुशार! त्यांचा अंगठा तळव्यावरून फिरला आणि एका जागी थांबला. ते ओरडले नाहीत, लेकीला हाक मारली नाही. नुसते दुपट्ट्यानं पाय टिपत बसले. मग माझ्याच तोंडून निघालं, "बाबाचा पाय कापलता, मामाजी. मले लय भेव वाटते."

"मले बी वाटून राह्यलं," ते म्हणाले. "भ्यायचंच हाये तं दवाखान्यात बसून भिऊ. दोघंबी."

जखम भरायला वेळ लागला. लेकीच्या घरी पाणीही न पिणारा हा माणूस, पेरण्या तोंडावर आल्या तरी आमच्याकडेच राहिला. रोज सकाळी चष्मा लावून माझे तळवे बघायचा आणि तुरीच्या, कापसाच्या गप्पा मारायचा. साखरेबद्दल चकार शब्द नाही. गल्लीतले हसायचे. हसोत बापडे. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पट्टी निघाली आणि मामाजी गावी गेले. दुसऱ्या सकाळी मी मोजे हातात घेतले आणि परत बाजूला ठेवले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली आणि पाय पुढे केला. "पाह्य बरं, काही हाये का."

ती खाली बसली, पाय मांडीवर घेतला. डोळे भरून आले होते तिचे. पण आधी तिनं दोन्ही तळवे, बोटाबोटांच्या मधली जागासुद्धा, नीट पाहून घेतले. मग रडली.