चित्रावरचा लाल शिक्का

लिनआजींनी त्या दिवशी मला वाचवलं नसतं, तर माझी नोकरी तेव्हाच खलास झाली असती. आज व्हिसाच्या ऑफिसात लाल शाईचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची ती दुपार पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली.

मी वसईची, सातवीत शाळा सोडलेली. तेव्हा आखातात, जनाबिया गावात, एका चिनी घरी तीन वर्षांच्या मेईला सांभाळायचे. लिनआजी तिची आजी. त्यांचे आजोबा नावाजलेले चित्रकार. त्यांनी काढलेलं डोंगरांचं चित्र टेबलावर उलगडून ठेवलं होतं. मी दूध आणायला वळले, तेवढ्यात मेईनं आजींच्या नावाचा शिक्का शाईत दाबून चित्रावर ठप्पकन मारला!

मी रडतच आजींना बोलावलं. "आजी, माझी चूक! मला गावी पाठवू नका."

आजी वाकून बघत राहिल्या. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "हे जुने शिक्के बघ. हा बाबांचा, ते मंत्री होते. हा भावाचा. चित्र ज्याच्याकडे येतं, तो शिक्का मारतो. पण आमच्यात मुलींनी मारायचा नाही. माझी कधी हिंमत झाली नाही, आणि या पोरीनं इथल्या अरबांसारखं यल्ला, चला, म्हणून मारूनसुद्धा टाकला!" आणि खळखळून हसल्या.

संध्याकाळी मेईची आई माझ्यावर ओरडली, तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, "मीच मारला. नाव माझंच आहे ना?"

तेव्हा नोकरी वाचली म्हणून मी स्वयंपाकघरात नाचले होते. चित्रावर आपलं नाव बघून आजींचे डोळे का चमकत होते, ते आत्ता कळतंय. आजी, एक दिवस वसईची सुकेळी घेऊन तुमच्या दारात येईन, आणि तुमचं नाव तिथे कोणाच्या हातानं लागलं, ते मेईला मीच सांगेन.