बरणीतला ढग

विमानतळाच्या इंधन डेपोत त्यांना सगळे डोळसराव म्हणायचे. काचेच्या बरणीत काढलेल्या इंधनात पाण्याचा एक थेंब असला, तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग नोंदवही गेली आणि मोबाइलवर अ‍ॅप आलं. रोज टाकीच्या तळाचं इंधन बरणीत काढायचं आणि त्याचा फोटो टाकायचा. "म्हणजे तीस वर्षं मी काय झक मारली?" असं म्हणत डोळसराव भडकले, आणि तीन महिने एकच जुना फोटो टाकत राहिले. बरणीला हातसुद्धा लावला नाही.

आज सगळ्या डेपोंच्या ग्रुपवर दूरच्या डेपोतल्या एका नव्या तपासनीस बाईंनी लिहिलं, "काका, अ‍ॅपवरचे तुमचे फोटो बघूनच मी शिकतेय. बरणीच्या काचेवर रोज आभाळातल्या त्याच छोट्या ढगाचं प्रतिबिंब दिसतं. फोटो नेमके किती वाजता काढता?"

डोळसरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक टाकीपाशी जाऊन त्यांनी बरणी भरली. इंधन नितळ होतं, पण स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. घाईत फोटो हलला. त्यांनी तोच पाठवला आणि खाली लिहिलं, "बाई, यावरून शिका. आधीचा तीन महिने एकच होता."