साळवीकाकांचं उघडं दार

घर म्हणजे माणसाचं शेवटचं राज्य, आणि राज्यकर्ता कितीही मोठा असला तरी त्याने तिथे विचारूनच पाऊल टाकावं. साळवीकाकांनी हे तत्त्व मला पहिल्याच भेटीत ऐकवलं, तेव्हा चहासाठी दूध काढायला ते आमच्या फ्रिजच्या दारावर टकटक करून थांबले होते.

काका साताऱ्याचे निवृत्त फौजदार. इकडे परदेशात, पेंडल हिलला, आमची आणि त्यांच्या मुलाची भिंतीला भिंत. मुलगा नितीन, सून ऋजुता, चार वर्षांची नात इरा. काका उन्हाळ्यापुरते आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. दिसेल ते दार ते वाजवत. कपाटाचं, गाडीचं, सताड उघडं असलेलंसुद्धा. मग जरा थांबत. "आत कोणी नसलं तरी वाजवावं," ते म्हणत. "तेवढाच आपल्याला शहाणं व्हायला वेळ मिळतो."

दुसऱ्या लॉकडाऊनच्या हिवाळ्यात आमची गल्ली इतकी गप्प झाली की दूरच्या स्टेशनवरची घोषणा शब्दन् शब्द ऐकू यायची. वर हेलिकॉप्टर फिरायचं. कुरिअरवाले पार्सल पायरीवर ठेवून मुकाट्याने निघून जायचे. इराला तेवढीच करमणूक. बाहेर खुट्ट झालं की ती धावत जाऊन बंद दाराला आतून नाक लावून उभी राहायची. ते पाहिलं की काकांचा चेहरा उतरायचा.

दिवेलागणीला मात्र काका पुढचं दार सताड उघडं ठेवत आणि शेजारी निरांजन लावून खुर्चीत बसत. काकूंची ही रीत, त्या गेल्यावर काकांनी चालू ठेवली असावी, असा आमचा समज होता.

"बाबा, हीटर चालू आहे," नितीन म्हणायचा. "लक्ष्मी आता बँक ट्रान्सफरने येते. दार लावा."

"तिच्यासाठी नाही रे," काका म्हणायचे आणि बसून राहायचे.

एका संध्याकाळी त्यांनी कुंपणावरून मला विचारलं, "तुमच्या दाराला आतून कडी आहे का हो?"

"नाही. कुलूप आहे, तुमच्यासारखंच."

"मग तिन्हीसांजेला दार बंद असलं की कडी कोण सरकवतं?"

मी हीटरचे पाइप, धातूचं प्रसरण वगैरे सांगितलं. खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराचं ऐकावं तितक्या शांतपणे त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नोकरीत असताना एकदा गांजाची टीप होती. दार वाजवायचं नाही, असा वरून हुकूम. वाजवलं तर माल मागच्या विहिरीत जातो. मी लाथ उचलली आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. पण पाय निघाला होता. दारामागे एक म्हातारी होती. उघडायलाच आली होती ती."

"आणि गांजा?"

"सापडला. माझं कौतुक झालं. बाई दवाखान्यातून परत आली नाही."

त्या दिवसांत टीव्हीवर पोलिसांनी दार न वाजवता घरात शिरावं की नाही, यावर वाद चालायचा. नितीनचं मत ठाम होतं. "बाबा, दार वाजवलं की माल कमोडमध्ये आणि आतला माणूस बंदुकीपाशी. पोलिसांनाही पोरंबाळं असतात."

"असतात ना. मला नव्हती का? पण टीप देणारा घर दाखवतो. दारामागे कोण उभं आहे ते दाखवत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीलाच, दोन काळ्या व्हॅन दिवे न लावता गल्लीत शिरल्या. मी पुढच्या कुंडीतल्या कोथिंबिरीला पाणी घालत होतो. काळ्या कपड्यातली, मास्क लावलेली माणसं उतरली आणि नितीनच्या घराकडे पळाली. कोणी बोलत नव्हतं. गवतावर फक्त बुटांचा आवाज. सर्वांत पुढच्याच्या हातात दार फोडायचा लोखंडी ओंडका होता. आतून इराची पावलं धावत आली. दार बंद असतं तर तिचं नाक त्याला लागलेलं असतं.

दार उघडं होतं. ती थेट पायरीवर आली. ओंडकेवाल्याने धावत येतानाच झोक घेतला होता. तो स्वतःला सावरताना गुडघ्यावर आला. इराने ओंडक्याकडे निरखून पाहिलं.

"इज दॅट फॉर अस?"

निरांजन हातात घेऊन काका उठले. "डोअर इज ओपन," ते सावकाश म्हणाले. "स्टिल, यू नॉक."

त्या माणसाने ओंडका खाली ठेवला आणि हातमोज्याच्या बोटांनी चौकटीवर टकटक केलं.

"कम इन," इरा म्हणाली. "शूज ऑफ."

दुसऱ्या दिवशी एक पोलीस अधिकारी माफी मागायला आला. दार वाजवून लांब उभा राहिला. गल्ली चुकली होती. हवं ते घर मागच्या गल्लीत होतं. तिथलं दार त्यांनी त्याच संध्याकाळी फोडलं. "आम्ही ओंडका मारला तेव्हा आतून कोणीतरी कडी सरकवत होतं, मेट. साफ ऐकू आलं. आत पाहिलं तर कोणी नाही. घर कित्येक महिने रिकामं."

"कडी होती दाराला?" काकांनी विचारलं. मी भाषांतर केलं.

अधिकारी विचारात पडला. "नाही," तो म्हणाला. "नव्हती खरी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाइपांविषयी काही बोललो नाही.

विमानं सुरू झाल्यावर काका साताऱ्याला परतले आणि वर्षभरात तिथेच गेले. तिन्हीसांजेला, खुर्चीत, दार उघडं ठेवून, असं नितीनने सांगितलं. हल्ली त्या वेळेला मीही पुढचं दार उघडं ठेवतो. हवा खेळती राहते.

मागच्या गल्लीतल्या त्या घरात आता एक दंतवैद्य राहतात. भक्कम नवं दार आहे, कॅमेऱ्याची महागडी बेल आहे. बेल पहिल्याच आठवड्यात बिघडली. तिच्याखाली चिठ्ठी चिकटवली आहे: कृपया दार वाजवा.