नाभीवरचं नाणं

त्या वैशाखात आमच्या घरातली एकच गोष्ट गार होती, ती म्हणजे ताईची मुलगी.

इथे गुजरातेत, कारेलीबागेतला आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. दुपारी गच्ची तापली की आतल्या भिंतींनाही हात लावता येत नाही. आईच्या मानेवर घामोळं उठलं होतं. ताई दिवसातून तीनदा ब्लाउज बदलायची. मी तेव्हा घरूनच ऑफिसचं काम करत होते आणि माझं मनगट लॅपटॉपला चिकटायचं. सात आठवड्यांची ती मात्र घोडियात, म्हणजे दोरी ओढून हलवायच्या कापडी पाळण्यात, कोरडी ठणठणीत पडलेली असायची. तिच्या पायांवर हात ठेवला की बरं वाटायचं. मी मुद्दाम ठेवायचे. त्यात काही वावगं आहे हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

ती रडत नव्हती. अगदीच नाही असं नाही, पण भूक लागली तरी नुसती कुरकुर करायची, तीही घोगरी. एखाद्या म्हाताऱ्या माणसानं शेजारच्या खोलीत घसा खाकरावा तसा आवाज. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी खरोखरच मागे वळून पाहिलं होतं.

"किती गुणाची आहे," आई आल्या-गेल्याला सांगायची. "आमच्या घरातली मुलं अशीच. आरडाओरडा नाही, काही नाही. धाकटी पण अशीच होती. दोन महिने हिचा आवाज कुणी ऐकला नाही."

"आता तरी कुठे ऐकतंय कुणी?" ताई म्हणायची, आणि दोघी हसायच्या. मीही हसायचे. हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शाळेत बाई विचारायच्या तेव्हा उत्तर इंग्रजीत द्यायचं असायचं, घरी मराठीत, खाली खेळताना गुजरातीत. या तिन्हींच्या मधल्या जागेत गप्प बसणं मला सगळ्यात सोपं वाटत आलं. आणि आमच्याकडे गप्प बसण्याचं कौतुकच होतं.

घरात काळजी होती ती एकाच गोष्टीची. बाळाला शी होत नव्हती.

आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल करायला सुरुवात केली होती. ज्या दिवशी शी झाली त्या तारखेभोवती गोल. आधी गोल एकाआड एक होते, मग तीन दिवसांनी, मग चार. बेंबीभोवती हिंग लावून झाला. पोट शेकून झालं. मालिश करायला येणाऱ्या बेन तिचे पाय गुडघ्यात दुमडून सायकलसारखे फिरवायच्या. पाय फिरायचे आणि सोडले की तिथेच राहायचे, जिथे ठेवले तिथे.

"बहु डाही छे," बेन म्हणायच्या. फार शहाणी आहे. "बाकीची पोरं तर लाथा मारून मला तेलानं आंघोळ घालतात. ही जुओ, बघा, मजेत पडली आहे."

तिची बेंबी फुगून वर आली होती. त्यावर आमच्याकडे ठरलेला उपाय आहे. देवघरातल्या डबीत संस्थानाच्या काळातलं तांब्याचं एक जाड नाणं आहे. आजोबांच्या वडिलांना सरकारवाड्यातल्या चाकरीत मिळालेलं, असं सांगतात. घरातल्या प्रत्येक बाळाच्या बेंबीवर ते फडक्यात गुंडाळून बांधलेलं आहे. ताईच्याही, माझ्याही. आंघोळीआधी ते सोडणं आणि नंतर पुन्हा बांधणं हे काम माझ्याकडे आलं, कारण माझे हात हळू आहेत असं आई म्हणायची. मी नाणं सोडलं की मुठीत धरून बसायचे. माझ्या मुठीत ते लगेच कोमट व्हायचं. तिच्या पोटावर रात्रभर राहूनही ते कधी उबदार लागलं नाही. भास असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पाचवा दिवस कोरडा गेला तेव्हा आईनं विड्याचं पान आणवलं, त्याचं देठ तोडून एरंडेलात बुडवलं आणि बाळाला मांडीवर पालथं घेतलं. मी पाय धरले होते. देठ आत गेलं तेव्हा कुठलंही बाळ किंचाळलं असतं. तिनं फक्त डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेनं. जीभ थोडी बाहेर होती, नेहमी असायची तशी. थोड्या वेळानं बकरीच्या लेंड्यांसारखे चार कडक खडे पडले. आईनं समाधानानं हात धुतले आणि कॅलेंडरवर गोल केला.

त्या दुपारी मी फोनवर वाचलं. आमच्या घरात औषधाच्या डब्यातले कागद वाचण्याचं काम माझंच. इंग्रजी शाळेचा तेवढा उपयोग. जिथे तिथे धीर दिलेला होता. अंगावर पिणाऱ्या बाळाला काही दिवस शी झाली नाही तरी घाबरू नका. लस टोचायला नेलं होतं तेव्हा तिथले डॉक्टरही हेच म्हणाले होते, तिला नीट न बघता, पुढच्या बाळाला हाक मारता मारता. पण प्रत्येक ठिकाणी खाली एक अट होती. शी मऊ असेल तर. आणि बाळ एरवी तरतरीत असेल तर.

मी उठून घोडियाजवळ गेले आणि तिच्यात तरतरी शोधू लागले. दोरी ओढली, थांबवली. टाळी वाजवली. तिची पापणी जराशी हलली. मी तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. पाय गार, जड, हलला नाही. खाली कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती, आई पंख्याखाली घोरत होती, आणि मला असं वाटलं की पाळण्यात जे आहे ते अजून इथे पोचलेलंच नाही. कुठेतरी वाटेत आहे.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

चार दिवस. हे चार दिवस मला लिहायचे होते म्हणून हे सगळं लिहिते आहे. पहिल्या दिवशी वाटलं, मी काय डॉक्टर आहे? दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "माझं नशीब बघ, बाकीच्यांची मुलं झोपू देत नाहीत." तिच्या चेहऱ्याकडे बघून तोंडातलं वाक्य मी गिळलं. तिसऱ्या दिवशी मी आईला एवढंच विचारलं, "ती जरा गार नाही वाटत?" आई म्हणाली, "उन्हाळ्यात जन्मलेली मुलं थंड प्रकृतीची असतात." मला यावर बोलता आलं असतं. मी नाणं बांधलं.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकी त्यांचा नातू घेऊन आल्या. तो आमच्या बाळाहून आठ दिवसांनी लहान. आईनं सतरंजीवर दुपटं पसरलं आणि दोघांना शेजारी शेजारी ठेवलं.

तो लालभडक झाला होता. कपाळावर घाम, मुठी आवळलेल्या, पाय हवेत. छतावरच्या पंख्याला शिव्या देत असल्यासारखा ओरडत होता. त्याच्या लाथेनं आमच्या बाळाचा हात उडाला आणि जिथे पडला तिथेच राहिला. ती पंख्याकडे बघत नव्हती. कशाकडेच बघत नव्हती.

"जुओ तो खरा," काकी म्हणाल्या, "तुमची किती डाही! आमचा तर गुंडो आहे, गुंडो. बदलायची का?"

"घेऊन जा, घेऊन जा," ताई हसत म्हणाली.

दोघांच्या मध्ये एक वीत जागा होती. मी एक हात त्याच्या पोटावर ठेवला, दुसरा हिच्या. मग माझा आवाज मला बाहेरून ऐकू आला.

"हा गुंड नाही. हा बरा आहे. आपली आजारी आहे."

काकींनी नातवाला उचललं. ताईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं सगळं निघून गेलं.

"काय भलतंसलतं बोलतेस लोकांसमोर?" आई म्हणाली.

"शी झाली नाही म्हणून नाही म्हणत. ती रडत नाही. तिला घाम येत नाही. आई, तिला हात लावून बघ, मग याला लावून बघ."

आईनं हात लावला नाही. लावला तो ताईनं. आधी त्याला, मग आपल्या मुलीला. मग ती उठली आणि चपला शोधू लागली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ माझ्याकडे दिलं, आणि आम्ही तशाच घरच्या कपड्यांवर, त्या उन्हात, रिक्षानं लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे गेलो.

त्या बाई होत्या. त्यांनी नाणं सोडून टेबलावर ठेवलं, बेंबी दाबून पाहिली, जीभ पाहिली. "आवाज पहिल्यापासून असाच घोगरा?" त्यांनी विचारलं. "झोपते किती? दूध पिता पिता दमते?" प्रत्येक प्रश्नाला ताई हो म्हणत गेली आणि तिचा आवाजही हळूहळू घोगरा होत गेला. देठ आणि एरंडेल ऐकून त्या म्हणाल्या, "हे आता बंद करा. पोट हा तिचा आजार नाहीच." मग रक्त घेतलं. सुई टोचली तेव्हाही तीच ती घोगरी कुरकुर.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गळ्यातली एक ग्रंथी जे तयार करायला हवं ते जवळजवळ तयारच करत नव्हती. त्याच्याशिवाय अंग गार राहतं, आतडी मंदावतात, आवाज जाड होतो, आणि मेंदूची वाढ मागे पडते. एक बारीकशी गोळी, चमच्यात कुस्करून, ताईच्या दुधात, रोज सकाळी.

"उशीर झाला का?" ताईनं विचारलं.

"थोडा," डॉक्टर म्हणाल्या. "जितकं लवकर, तितकं बरं असतं. यापुढे एकही दिवस चुकवू नका."

मी कॅलेंडरवरचे गोल नसलेले चार रकाने डोळ्यांसमोर मोजले.

गोळी सुरू होऊन दोन आठवडे होत आले असतील. एका सकाळी मालिश चालू असताना बाळानं पाय आखडला, चेहरा लाल केला, आपणहून मऊ, पिवळी शी केली बेनच्या मांडीवर, आणि मग ती किंचाळली. तसला आवाज आमच्या घरानं कधी ऐकला नव्हता. बेननी दोन्ही हात वर केले.

"अरे! आ तो बीजी छोकरी छे!" ही तर दुसरीच मुलगी आहे.

सगळे हसले. मला हसता आलं नाही. कारण मलाही तेच वाटलं होतं. जिच्या गार पावलांवर मी दुपारच्या दुपार हात ठेवून बसले होते, ती कुठे गेली?

सोसायटीतल्या काहींचं म्हणणं, नजर लागली. किती शांत पोर होती. नाणं आईनं चिंचेनं घासून डबीत ठेवलं, नंतर ते कुणी काढलेलं नाही. एकदा मी तिला विचारलं, "मी दोन महिने रडले नव्हते म्हणालीस, तेव्हा मला कुणाला दाखवलं होतं?" तिनं भाजीची पुढची जुडी सोडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तूही एकदा रक्त तपासून घे." घेतलं. माझं सगळं ठीक आहे. मी नुसतीच अशी आहे.

भाची आता दीड वर्षाची आहे. ती उशिरा बसली, उशिरा उभी राहिली, अजून भिंत धरूनच चालते. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणतात की चिंता नको, येईल, आणि प्रत्येक वेळी मी ते चार दिवस कुठेतरी दिसतात का बघते. ताईला मी त्यांच्याविषयी अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर ती वाचेल.

ताई माहेरी येते तेव्हा दुपारी घर गप्प झालं की मला बसवत नाही. मी जाऊन भाचीच्या पोटावर तळवा ठेवते. पोट गरम असतं, घामानं चिकट. तरी मी तळवा काढत नाही, ती जागी होऊन भोकाड पसरेपर्यंत.

"कशाला उठवलंस तिला?" आतून आई ओरडते.

"झोपली होती," मी सांगते.