पलंगाखालच्या बेसबॉल कॅसेटी

लग्न होऊन मी शिरूरहून दौंडला आले ती एक पत्र्याचा डबा घेऊन. वर लाडवांचं चित्र होतं, आत लाडू नव्हते. आत टीव्ही गेमच्या कॅसेटी होत्या आणि त्याही सगळ्या बेसबॉलच्या. बायका हे ऐकून कपाळाला हात लावतात. लावू देत. शाळेत मी सॉफ्टबॉल खेळायचे, पिचर होते, म्हणजे चेंडू टाकणारी, मग त्याचा थोरला भाऊ बेसबॉल मी बघायचा कुठं? शिरूरच्या कॅसेटवाल्याकडंच. मारामारीच्या कॅसेटींवर पोरांच्या उड्या पडायच्या आणि बेसबॉलची एखादी आली की धूळ खात पडायची. "क्रिकेट असतं तर कवाच गेली असती," म्हणत तो माझी जुनी कॅसेट घ्यायचा आणि ती बदलून द्यायचा.

त्यातली एकच अस्सल होती, जपानची. मांडवगण फराट्याच्या शाळेतल्या पोरींना आम्ही हरवलं तेव्हा आमच्या सरांनी ती मला दिली. त्यांचा भाऊ जहाजावर होता, त्यानं आणलेली. अस्सल कॅसेट हातात जड लागते, मागची अक्षरं प्लास्टिकमधूनच उठलेली असतात आणि लेबलाचे रंग एकमेकांत सांडलेले नसतात. निळ्या टोपीतला एक पिचर लेबलावर असा काही हात उगारून उभा होता, की मला तो मीच वाटायचा. आता हसा खुशाल.

सासरी माझी भीती एकच, आमचे आप्पा. सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या आणि नवरा मालगाडीवर गार्ड, त्यामुळं दिवसभर घरात मी आणि आप्पा. रेल्वेत फिटर होते ते. घरातली कुठलीही वस्तू उचलून विचारायचे, "ही कामाची हाय का? न्हाई? मंग घरात कशापायी?" आणि वस्तू भंगारात. सासूबाईंच्या साड्यासुद्धा त्यांनी वर्षाच्या आत वाटून टाकल्या होत्या. जो माणूस बायकोच्या साड्या ठेवत नाही, तो सुनेच्या कॅसेटी ठेवेल होय? शिवाय माझा टीव्ही गेम कधीच जळलेला. त्या कॅसेटींचा उपयोग काय, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय डोंबल सांगणार होते?

म्हणून डबा पलंगाखाली, पार भिंतीला. दुपारी आप्पा ओसरीवर तोंडावर पेपर घेऊन पडले की मी एकेक कॅसेट काढायची, स्पिरिटच्या कापसानं तिच्या खालच्या पितळी पट्ट्या पुसायची आणि परत ठेवायची. खोकला ऐकू आला तरी डबा आत ढकलून द्यायची.

दौंडमध्ये सायबर कॅफे निघाला तेव्हा मी पुण्यातला एक माणूस हुडकून काढला. जुने गेम जमवायचा तो. फोन केला तर म्हणाला, "दसरा झाला की येतो बघायला. तोवर लेबल सांभाळा, सगळी किंमत लेबलात असते." मला ती जपानची विकायची नव्हतीच. पण हे भंगार नाही, एवढं कुणीतरी जाणत्यानं या घरात उभं राहून, आप्पांच्या देखत सांगावं, असं फार वाटायचं.

तर ऐन नवरात्रात आईला ताप आला आणि मी शिरूरला गेले. तिथून नवऱ्याला फोन केला. तो सहज बोलून गेला, "आप्पांनी सगळं घर उपसलंय. पलंगाखालचंसुद्धा काढलं. भंगारवाला येऊन गेला."

"आणि माझा डबा?"

"मला काय माहीत? मी ड्यूटीवर होतो."

असा राग आला! आप्पांना फोनवर बोलवून विचारायची मात्र हिंमत झाली नाही. आईचा ताप उतरला तशी दसऱ्याच्या सकाळी मिळेल ती एसटी धरली. न्हावरा गेलं, चौफुल्याला गाडी बदलली, पाटस आलं, आणि मी आपली दर थांब्याला दौंड किती राहिलं ते विचारत होते. शेजारची बाई झेंडूचं पोतं मांडीवर घेऊन बसली होती. "कुणी आजारी हाय का?" तिनं विचारलं. मी आई म्हणाले. खरं कुठं सांगता येतंय!

गल्लीच्या तोंडालाच भंगारवाल्या चाचांचा हातगाडा उभा. मी पिशवी खाली टाकली आणि सरळ त्यात हात घातला. कुकर, पंख्याची पाती, फुटकी बादली. लोक बघायला लागले.

"क्या ढूंढ रही हो बेटी? हात कापंल तुझा," चाचा म्हणाले.

"आमच्या घरनं काळ्या प्लास्टिकचं काही आलं का? चौकोनी?"

"प्लास्टिक तर सगळं कालच पुढं गेलं."

झालं. तिथंच रडू फुटलं असतं, पण रस्त्यात कुठं रडता? घराकडं निघाले ती मनातल्या मनात आप्पांशी भांडत. आज बोलायचंच. सून तर सून, हाकलून दिलं तरी बेहत्तर.

दारात पाऊल टाकलं आणि बोलायचं राहूनच गेलं. पुढच्या खोलीत पाट मांडले होते. दसऱ्याची हत्यारांची पूजा. आप्पांचे हातोडे, पाने, कानस, नवऱ्याचे लाल-हिरवे झेंडे, विळी. आणि त्याच रांगेत, मधोमध, माझ्या कॅसेटी. पुसून, ओळीनं लावून, प्रत्येकीवर झेंडूचं फूल आणि प्रत्येकीच्या लेबलावर ओलं हळदीकुंकू. जपानच्या कॅसेटीवर जरा जास्तच. निळी टोपी गेली, तोंड गेलं, नुसता उगारलेला हात तेवढा राहिला होता.

"अगं आई गं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तुजी न्हवती का मांडायची?" आप्पा चाचरत म्हणाले. "रोज दुपारी काढती, पुसती, ठेवती. आम्ही हत्यार जपायचो तसं. म्हटलं, पोरीचं हत्यार पलंगाखाली नगं."

म्हणजे पेपरखालून सगळं बघत होते! मला हसावं का रडावं कळेना. संतापही होताच, खोटं कशाला बोलू? मी वाकून नमस्कार केला, तो त्यांना केला का कॅसेटींना, देव जाणे.

ठरल्याप्रमाणं पुण्याचा माणूस आला. त्यानं जपानची कॅसेट उजेडात धरली, मागची अक्षरं चाचपली. "अस्सल आहे," तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं ती उलटली. "अरेरे! हे कुणी केलं? आता पुसायलाही जाऊ नका, होतं तेही निघेल. कामातून गेली ही."

आप्पा दाराशीच उभे होते. तो गेल्यावर माझ्यासमोर आले. "म्या वाटोळं केलं व्हय गं?"

"नाही हो, आप्पा. त्याला काय कळतंय?" मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही, दिसतच होतं. रात्री जेवले नाहीत.

पुढच्या दसऱ्याला ते बाजारातून पारदर्शक पिशव्या घेऊन आले. एकेक कॅसेट त्यांनी पिशवीत घातली, तोंड दुमडलं आणि मग पिशवीवर हळदीकुंकू लावलं. "लेबलाला लागाय नगं," म्हणाले. दरवर्षी तसंच करायचे, नव्या पिशव्या आणून.

आप्पा गेले. त्या वर्षी घरात सण नव्हता. त्याच्या पुढच्या दसऱ्याला पाट मी मांडले. त्यांचे हातोडे तेल लावून ठेवले, कॅसेटी नव्या पिशव्यांत घातल्या. जपानची तेवढी पिशवीतून बाहेर काढली. तिच्यावर आप्पांच्या बोटाचा डाग होता, पार विटलेला. मी बोट हळदीकुंकवात बुडवलं आणि बरोबर त्याच्यावरच टेकवलं.